यंत्राआधी वही

एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची पाच वेढ्यांची कॉइल, एक ट्रिमर, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक छोटा कंडेन्सर माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. साध्या एफएम ट्रान्समीटरला याहून जास्त काही लागत नाही. सोल्डरिंग येणारा दहावीतला मुलगा एका दुपारी तो उभा करू शकतो, आणि शेजारच्या खोलीतल्या रेडिओतून आपलाच आवाज ऐकू आला की काम फत्ते झाले असे त्याला वाटते. पण तिथे काम अर्धेच झालेले असते. तो ट्रान्समीटर कसा बनवला, कॉइल किती लांबीची होती, बॅटरी उतरल्यावर वारंवारता कुठे सरकली, कोणत्या चुका झाल्या, हे इतके नीट लिहून ठेवायला हवे की दुसऱ्या माणसाने पहिल्याला एकही प्रश्न न विचारता तसाच संच बनवावा. कोकणातल्या वीर, महाड, पोलादपूर या पट्ट्यासारख्या जागी तर ही वही यंत्रापेक्षा जास्त मोलाची ठरते, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे समजायला आधी यंत्राच्या पोटात डोकावावे लागेल.

या मंडलाचा प्राण म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर यांची जोडी. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा कॉइलमध्ये जाते, कॉइलमधली पुन्हा कपॅसिटरमध्ये येते, आणि ही ये-जा सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा होते. नुसती जोडी असती तर तारेच्या रोधामुळे ती क्षणात थंडावली असती. ट्रान्झिस्टर तिला दर फेरीला नेमक्या वेळी थोडी ऊर्जा परत देतो, जसा ओटीवरचा झोपाळा पायाच्या हलक्या रेट्याने चालू राहतो. कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये लावलेला पाचेक पिकोफॅरडचा कपॅसिटर हा रेटा पोहोचवतो. आता माइकसमोर बोलले की ट्रान्झिस्टरच्या बेसवरचा दाब आवाजाबरोबर हलतो, त्याच्या आतल्या जोडाची धारकता किंचित कमी-जास्त होते आणि तिच्याबरोबर वारंवारताही. आवाज असा वारंवारतेच्या हेलकाव्यात नोंदला जातो. एडविन आर्मस्ट्राँगला १९३३ साली ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले ती हीच. विजांच्या कडकडाटाने लहरीची उंची बिघडते, पण एफएमची माहिती उंचीत नसतेच. म्हणून पावसाळी वादळातही एफएमवरचा आवाज मध्यम लहरींपेक्षा स्वच्छ येतो, आणि पावसाळा हाच आपल्या विषयाचा ऋतू आहे.

आता कॉइल जवळून पाहू. सहा मिलिमीटर व्यासाची, पाच वेढ्यांची आणि आठ मिलिमीटर लांबीची कॉइल घेतली, तर व्हीलरच्या सूत्राने तिचे प्रेरकत्व सुमारे ८३ नॅनोहेन्री येते. तिला एकूण ३२ पिकोफॅरड धारकता जोडली की मंडल ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरते. तीच कॉइल बोटाने ओढून दहा मिलिमीटर केली की वारंवारता १०७ च्या जवळ जाते. बारा मिलिमीटर केली तर ११५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एफएमचा पट्टा १०८ ला संपतो तो ओलांडून विमानांच्या दिशादर्शनासाठी राखलेल्या पट्ट्यात. तार तीच, वेढे तेवढेच, बदलले फक्त चार मिलिमीटर. कपॅसिटरची गोष्ट याहून नाजूक आहे. धारकतेत एक दशांश पिकोफॅरडचा फरक पडला तर वारंवारता दीडशे किलोहर्ट्झने सरकते, आणि एवढा फरक मंडलाजवळ हात नेल्यानेही पडतो. प्रसारणात आवाजाने वारंवारता मध्यापासून जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ हलावी असा दंडक आहे. म्हणजे सगळ्या आवाजाचा मिळून जेवढा हेलकावा, त्याच्या दुपटीने केंद्र नुसत्या हाताच्या सावलीने सरकते. ज्या ब्रेडबोर्डवर मुले बाकीचे प्रयोग करतात, त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड धारकता असते. त्यावर जोडलेला ट्रान्समीटर चालला तर नवल आणि दुसऱ्या दिवशी त्याच वारंवारतेवर सापडला तर त्याहून मोठे नवल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अशी सर्किटे पुस्तकांतून, मासिकांतून शेकड्यांनी सापडतात, मग पुन्हा लिहायचे कशाला? उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. छापील आकृतीत ट्रान्झिस्टरचा क्रमांक असतो, रेझिस्टरची किंमत असते, कॉइलच्या जागी मात्र ‘पाच वेढे’ एवढेच लिहिलेले असते. रेझिस्टर दुकानात क्रमांकाने मिळतो. ही कॉइल मिळत नाही, ती हाताने घडवायची असते, आणि संच चालणार की रुसणार हे तिच्यावरच ठरते. म्हणून वहीत तारेची जाडी, आतला व्यास, वेढ्यांमधली फट धरून लांबी आणि कॉइलचे कपॅसिटरपासूनचे अंतर हे सगळे मापाने आले पाहिजे. शेजारी पट्टी ठेवून काढलेला मांडणीचा फोटो हवा. बॅटरीचा दाब आणि प्रवाह हवा. चालू केल्याबरोबर, दहा मिनिटांनी आणि तासाभराने वारंवारता किती होती ते हवे, खोलीच्या तापमानासह, कारण ट्रान्झिस्टर तापला की केंद्र सरकते. आणि न चाललेल्या रचना तर हव्यातच. बेसजवळचा कपॅसिटर विसरला म्हणून मंडल कंप पावलेच नाही, ही ओळ पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचवते. आपल्याकडे यशाची नोंद होते आणि अपयश मनात राहते, ही सवय प्रयोगशाळेत फार महाग पडते.

ज्ञान एकाच माणसाच्या हातात राहिले की काय होते, याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे. ‘चले जाव’च्या दिवसांत उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्ट १९४२ ला त्याचे पहिले प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर झाले. तो एफएम नव्हता, लघुलहरींवरचा होता, पण घडवलेला होता इथेच. नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने ट्रान्समीटर उभा केला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी रेडिओचे परवाने सरकारने रद्द केले होते, त्यामुळे असे काम जाणणारी माणसे मोजकी होती. संच जागा बदलत राहिला, पोलिसांना हुलकावण्या देत राहिला. शेवटी तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती लागला, त्याने ठिकाण दाखवले आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. गुप्त कामात वह्या ठेवता येत नाहीत हे उघड आहे, आणि त्या तरुणांना यात दोष देण्याचे काहीच कारण नाही. पण त्या प्रक्षेपणांचा मजकूर आज अभ्यासकांना वाचता येतो तो मुख्यतः पोलिसांनी ऐकून उतरवून ठेवला म्हणून. ज्यांनी लिहून ठेवले त्यांच्याकडून इतिहास आला. आज आपण उघड आणि कायदेशीर काम करू शकतो, तेव्हा न लिहिण्याला कसलीही सबब उरत नाही.

आता वीरकडे येऊ. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला तो रोहा ते वीर. याच टप्प्याचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले. रेल्वे आहे, मुंबई–गोवा महामार्ग आहे, मोबाईलचे मनोरे आहेत. तरीही महाड आणि पोलादपूर हे तालुके पावसाळ्यात काही तासांत जगापासून तुटू शकतात. सह्याद्रीवरून उतरणारी सावित्री आणि महाडजवळ तिला मिळणारी गांधारी एकदम फुगल्या आणि खालून भरतीचे पाणी चढले की महाड शहर बुडते. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर कडा कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. वीज नाही, रस्ता नाही, फोनला रेंज नाही, अशा अवस्थेत डोंगरातल्या वाड्यांची खबर बाहेर यायला आणि बाहेरची सूचना वाडीत पोहोचायला वेळ लागला. ‘डोंगराला भेग पडली आहे, खाली उतरा’ हे एक वाक्य वेळेत ऐकू येणे, एवढीच इथे माध्यमाची कसोटी आहे.

प्रत्येकाच्या हाती मोबाईल असताना रेडिओचे नाव कशाला, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, कारण रोजच्या व्यवहारात मोबाईलने रेडिओला मागे टाकलेच आहे आणि मदतीची हाक मारायला दुतर्फी साधनच लागते. पण मोबाईलचा मनोरा एकटा उभा नसतो. त्याला वीज लागते, ती गेली की बॅटरी आणि डिझेल लागते, आणि मुख्य म्हणजे त्याला पुढच्या केंद्राशी जोडणारी ऑप्टिकल फायबर किंवा मायक्रोवेव्ह लागते. फायबर रस्त्याच्या कडेने जाते, रस्ता खचला की तीही तुटते. शिवाय संकटात सगळे एकदम फोन करतात आणि जाळे तुंबते. रेडिओत ऐकणारा एक असो की एक लाख, ट्रान्समीटरवर भार तेवढाच. खिशातला रेडिओ दोन सेलवर कित्येक दिवस चालतो. अनेक मोबाईलमध्येही एफएम ग्राहक असतो आणि कानात घालायच्या इअरफोनची तारच त्याची अँटेना होते. तो उत्पादकांनी बंद ठेवू नये अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये केली ती याच कारणाने. आकाशवाणी आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तिची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. पण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या केंद्राने कोणत्या वाडीने कोणत्या शाळेत जायचे हे दर तासाला सांगत बसावे, ही अपेक्षा रास्त नाही. ते काम दहा-पंधरा किलोमीटरच्या केंद्राचे आहे. जपानने हे १९९५ च्या कोबे भूकंपात ओळखले आणि तात्पुरत्या आपत्ती एफएम केंद्रांची पद्धत सुरू केली. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर तिथे अशी दोन डझनांहून अधिक केंद्रे उभी राहिली.

मग प्रत्येक गावाने घरगुती ट्रान्समीटर लावावा का? मुळीच नाही, आणि हे निःसंदिग्धपणे सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांनी परवान्याशिवाय प्रक्षेपणाला मनाई केली. त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सरकारी मुभेशिवाय लहरी सोडण्याला जागा नाही. काही जणांना हा नुसता जाच वाटतो. पण वरचा ११५ मेगाहर्ट्झचा आकडा आठवा. ओढल्या गेलेल्या कॉइलचा ट्रान्समीटर विमानांच्या पट्ट्यात शिरतो, आणि त्याच्या लगतच ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर वैमानिक बोलतात. जुलै २०२१ मध्ये बचावासाठी हेलिकॉप्टरे कोकणात आली होती. अशा वेळी मदत करायच्या हेतूनेच कोणी बेभरवशाचा संच अँटेनाला जोडला, तर तो नेमका मदतीच्याच आड येईल. म्हणून शिकण्यासाठी बनवलेला संच अँटेनाऐवजी ५० ओहमच्या रेझिस्टरवर, धातूच्या डबीत आणि टेबलावरच चालवायचा. त्याच खोलीतला रेडिओ तो तरीही पकडतो आणि शिकायला तेवढे पुरते. ज्यांना स्वतः घडवलेल्या संचाने दूरवर बोलायचे आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा आहे. तो परवाना स्वतःचे उपकरण बनवायची मोकळीक देतो, ठराविक पट्ट्यांत. २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅम मंडळींनी तुटलेला संपर्क जोडून दाखवला. सर्वांसाठी प्रसारण मात्र त्यांनाही करता येत नाही.

प्रसारणाचा रास्त मार्ग सामुदायिक रेडिओचा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. २००६ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही शंभर वॅटपर्यंतच्या केंद्रासाठी अर्ज करता येऊ लागला. त्याच वर्षी बिहारमधल्या मन्सूरपूरला एका दुरुस्ती कारागिराने अत्यंत स्वस्तात बनवलेले आणि गावात लाडके झालेले केंद्र परवाना नाही म्हणून बंद झाले, आणि धोरण आल्यावरही एकट्या व्यक्तीला अर्जाची सोय नव्हती. कायद्याने खुले असणे आणि प्रत्यक्षात खुले असणे यांत किती अंतर असते हे महाडला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, आणि तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता आणि लहरींचा प्रश्न त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण सार्वजनिक वस्तूवरचा हक्क वापरणारा उभा राहिल्याशिवाय कागदावरच राहतो, एवढे इथेही खरे आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते. तिथल्या बायका स्वतःच्या बोलीत कार्यक्रम करतात. जे म्हसवडला जमले ते महाडला जमणार नाही असे मानायला मला कारण दिसत नाही.

इथे जाणकार तिसरा आक्षेप घेतील, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. टेबलावरच्या काही मिलिवॅटच्या खेळण्याचा शंभर वॅटच्या प्रमाणित केंद्राशी संबंध काय? केंद्राचा ट्रान्समीटर तयार विकत येतो. त्याची वारंवारता क्रिस्टलला बांधलेली असते. क्रिस्टलची चूक दहा लाखांत वीस भाग धरली तरी ९८ मेगाहर्ट्झला ती जेमतेम दोन किलोहर्ट्झ भरते, आपल्या कॉइलच्या दीडशेपुढे नगण्य. बाहेर पडण्याआधी नको त्या पटीतल्या लहरी गाळणारा फिल्टर असतो. हे सगळे खरे. पण क्रिस्टल का लागतो आणि फिल्टर का लागतो हे ज्याने साधा संच सरकताना मोजला आहे त्यालाच नीट कळते, आणि जुलैच्या रात्री केंद्र बंद पडले तर पुण्या-मुंबईहून तंत्रज्ञ येणार नसतो, कारण ताम्हिणी घाटही बंद असतो आणि महामार्गही. शंभर वॅटला कमी लेखण्याचेही कारण नाही. २८ एप्रिल २०२३ ला आकाशवाणीने देशभर जे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू केले ते शंभर वॅटचेच होते.

अडचण शक्तीची कमी, डोंगरांची जास्त आहे. एफएमची लहर तीन मीटर लांबीची, ती साधारण नजरेच्या रेषेत जाते. तीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सपाटीवर क्षितिज वीसेक किलोमीटरवर असते, पण महाड–पोलादपूरला सपाटी आहेच कुठे? एका सोंडेवर आवाज स्वच्छ, पुढच्या वळणावर नुसती खरखर. म्हणून वहीचे दुसरे प्रकरण ऐकण्याचे असावे. त्याला परवाना लागत नाही. खिशातला रेडिओ घेऊन वाडीवाडीत जायचे, आज कोणती केंद्रे कुठे लागतात, घरात किती, अंगणात किती, टेकाडावर किती, हे तारीख आणि हवामानासह लिहायचे. असा नकाशा हाती असेल तर उद्या मनोरा कुठे उभारावा, आणि कोणत्या वाडीला रेडिओ पोहोचणारच नाही म्हणून तिथे भोंगा किंवा हॅमचा संच द्यावा, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. अर्ज करणाऱ्या संस्थेला अशा नोंदींइतका भक्कम आधार दुसरा मिळायचा नाही.

वीरहून थोड्या अंतरावर लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. शिक्षणसंस्था असल्याने सामुदायिक रेडिओसाठी अर्जाचा मार्ग त्याला खुला आहे. वाड्यांतली घरे, त्यांची भाषा आणि त्यांच्या भेगाळलेल्या उतारांची माहिती महाड-पोलादपूरच्या शाळांतल्या शिक्षकांना आणि मुलांना आहे. या दोघांनी मिळून काम हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. सुरुवात एका टेबलावरच्या, डबीत बंद केलेल्या संचाने करा आणि वही मराठीत लिहा, कारण ती दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती जायची आहे. तिच्या दोन प्रती काढा आणि एक पूररेषेच्या वर ठेवा. महाडला तळमजल्यावरचा कागद सुरक्षित नाही. मग ती वही दुसऱ्या शाळेतल्या मुलांना द्या, त्यांना तोंडी काही सांगू नका, आणि त्यांनी बनवलेली कॉइल आठ मिलिमीटरची भरते का, संच ९८ च्या आसपास सापडतो का ते पाहा. तो सापडेपर्यंत पहिला संच पूर्ण झाला असे समजू नका.